मुहूर्ताचं सिझर

माझी मोठी लेक मुहूर्तावर जन्मली, असं माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगायच्या. गल्लीला, दूधवाल्याला, हिमायतनगरच्या त्यांच्या भावांना, आणि एकदा तर बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. "विहीणबाईंनी गुरुजींकडून वेळ काढून घेतली अन् ठरवून सिझर केलं. पोरीला कळ म्हणून आली न्हाई."

कळ म्हणून आली नाही म्हणे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी लातूरला होते, आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत गुरासारखी ओरडत होते. शेवटी शेवटी तर दोन नर्सबाया माझ्या पायांशी उभ्या राहून "जोर कर, अजून जोर कर" म्हणत होत्या. मग डॉक्टर म्हणाले, डोकं अडकलंय, घ्या आत. पुढचं मला काही आठवत नाही. नांदेडहून सासूबाई आणि हे येईपर्यंत मी टाके घालून, वेणी घालून, धुतलेल्या चादरीवर पडलेली होते. तोवर माझ्या आईनं दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून सासरी फोन केला होता आणि मुहूर्त जन्माला घातला होता.

आई खोटं बोलते ते आमटीत गूळ टाकावा तसं, चवीपुरतं. आमचं भांड्यांचं दुकान. वडील माल आणायला जातात, आई गल्ल्यावर बसते, आणि पातळ पत्र्याच्या पातेल्याला "वजनदार हाय, घ्या" म्हणताना तिचा आवाज कधी हलत नाही. या मुहूर्ताचं मला कळलं तेव्हा मी विचारलं तिला. "आगं, बोलले तर बोलले. कुणाचं काय बिघडलं?" म्हणाली. तेव्हा खरंच कुणाचं काही बिघडलं नव्हतं. हल्ली शिकल्यासवरलेल्या घरांत मुहूर्ताचं सिझर मिरवतात. अडलेल्या बाईचं सिझर झालं की मात्र पोरीत काहीतरी खोट, नाहीतर माहेरच्यांची हयगय. आईनं मला मिरवणाऱ्यांत नेऊन बसवलं, एवढंच.

चार वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले, आणि मग बिघडायला सुरुवात झाली.

दुसरं बाळंतपण सासरी करायचं. मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकलं घेते, आमचे हे रेल्वेच्या ऑफिसात. चौथ्या महिन्यात सासूबाईंना घेऊन मी एका डॉक्टरबाईंकडं नाव घालायला गेले. बाई वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या, बोलायला तुटक. त्यांनी मान खाली घालून लिहिता लिहिता विचारलं, "पहिलं सिझर कशामुळं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी सांगून टाकलं, "मुहूर्तावर. ठरवून."

"नाही," मी म्हणाले.

सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मला आत्तापर्यंत कधी त्यांचं बोलणं असं तोडायची वेळ आली नव्हती. पण समोर दवाखाना होता, पोटात लेकरू होतं, आणि तिथंही मुहूर्त सांगत बसायचं म्हणजे कमाल झाली.

"कळा आल्या होत्या," मी म्हणाले. "दिवसभर. शेवटी जोर करायला लावला होता."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं होतं का?"

"ते मला कसं कळणार, मॅडम?"

"कागद?"

कागदावर नुसतं सिझर एवढंच होतं. लातूरचे ते डॉक्टर म्हातारपणी दवाखाना बंद करून गाव सोडून गेले होते. "सोबत कोण होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आई.

"लावा फोन."

मी म्हटलं, एवढं काय आहे त्यात. तेव्हा त्यांनी समोरच्या कागदावर एक उलटी बाटली काढली आणि बाटलीच्या मानेवर बोट ठेवलं. कळा यायच्या आधीच सिझर केलं तर काप वर पडतो, म्हणाल्या. पण बाळ अगदी खाली उतरल्यावर, तोंड पूर्ण उघडल्यावर केलं, तर काप कधी कधी या मानेजवळ जातो. मग पुढच्या खेपेला ही मान वजन धरत नाही, दिवस भरायच्या आधीच उघडायला लागते. सगळ्यांचं तसं होत नाही. पण ज्यांचं होऊ शकतं त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. "म्हणून विचारते," म्हणाल्या. सासूबाईंनी ते सगळं ऐकलं आणि त्या चित्राकडं न बघता पर्समधून रुमाल काढून तोंड पुसलं.

मी फोन स्पीकरवर टाकला. मागं भांड्यांचा खणखणाट, म्हणजे आई दुकानात. डॉक्टरबाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि सरळ विचारलं. आईनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "विहीणबाई हायत का तिथं?"

"हाव, हाय मी," सासूबाई फोनकडं वाकून म्हणाल्या.

झालं. तिथंच सगळं संपलं. "नाही हो मॅडम," आई म्हणाली, "कळा कशाच्या. गुरुजींनी वेळ काढून दिली, त्या वेळेला घेतलं आत. पोरगी गुंगीत होती, तिला काय आठवतंय?"

"आई," मी म्हणाले.

"गिऱ्हाईक आलंय, ठेवते," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

माझे हातपाय गार पडले. रागानं माणूस गरम होतं म्हणतात, मी गार पडते. डॉक्टरबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सासूबाईंकडं. मग म्हणाल्या, "बाळंत तू झालीस. मी तुझं धरते." दर पंधरा दिवसांनी यायचं, आतून सोनोग्राफी करून त्या मानेची लांबी मोजायची, असं ठरलं.

ऑटोचे पैसे सासूबाईंनी दिले. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाल्या, "एक तं तुझी माय खोटी, न्हाईतर तू. दोघी तं खऱ्या होऊ शकत न्हाई." आणि त्यांना आई खोटी ठरवायची नव्हती. चार वर्षं मिरवलेला मुहूर्त असा कुणी सुखासुखी सोडतं का? आमचे हे नेहमीप्रमाणं दोन्ही डगरींवर हात ठेवून. डॉक्टर सांगतात तर कर तपासण्या, पण आईला उगाच कशाला दुखवायचं, वगैरे.

मी आईला फोन केला. "बाळाचा प्रश्न आहे. एकदा खरं सांगून टाक सासूबाईंना. ह्या लोकांना वाटतंय मी उगीच थेर करून राहिले."

"तुला काय तपासण्या करायच्या त्या कर की. मी अडवलंय का? पण विहीणबाईंसमोर माझ्या तोंडातून ते निघणार नाही."

"का निघणार नाही?"

"नाही निघणार," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला, आणि मीही पुन्हा केला नाही.

पहिल्या मोजणीत सगळं ठीक निघालं. दुसरीत लांबी थोडी कमी भरली, पण घाबरण्यासारखी नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि रात्री आत ठेवायच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी लगेच म्हटलं, "बघ. काही न्हाई. ठरवून केलेल्याला काय होऊन राहिलं?" वर, दर पंधरा दिवसांनी आत मशीन घालतात, त्यानंच काही व्हायचं, असंही त्या शेजारणीला म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू आलं. आमटीत टाकायला घेतलेलं मीठ मी डब्यात परत टाकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "मशीनचं मी बघते, तुम्ही आमटी बघा." शेजारीण उठून गेली.

तिसऱ्या मोजणीच्या दिवशीच हिमायतनगरला सासूबाईंच्या भाच्याचं लग्न निघालं. सून आली नाही तर चार लोक चार प्रश्न विचारणार. "एक बारी पुढं ढकल," त्या म्हणाल्या. ह्यांनीही मान हलवली, "दोनच दिवसांचा प्रश्न आहे, तिथून आलो की लगेच जाऊ." मला माझं पोट त्या आठवड्यात बरं वाटत नव्हतं. दुखत नव्हतं, पण खाली जड. पातेलं भरल्यावर बूड ओढतं तसं. मी ते सांगितलंही. सासूबाई म्हणाल्या, सहावा लागायला आला की सगळ्यांनाच जड होतं.

"तुम्ही जा," मी म्हणाले. "मी दवाखान्यात जाते."

"एकटी?"

"एकटी."

मोठीला घेऊन ते गेले. हे दारात थोडे घुटमळले, बॅग खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि गेले. त्यांचाही मला राग आला, पण तो काढायला वेळ नव्हता. मी ऑटो करून दवाखाना गाठला. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी सीट धरून अंग उचलून धरत होते.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी मशीन लावलं आणि बोलणं बंद केलं. एकदा मोजलं. पुसून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून म्हणाल्या, "सकाळी काय खाल्लंस?"

"पोहे."

"आता काही खाऊ नकोस. पाणीसुद्धा नको."

मान निम्म्याहून कमी झाली होती, आणि आतल्या बाजूनं तोंड नरसाळ्यासारखं उघडायला लागलं होतं. त्यांनी पडदा माझ्याकडं वळवून दाखवलं. वर माझं लेकरू गुडघा हलवत होतं, आणि त्याच्या खालची वाट उघडत चालली होती. मी विचारलं, "हे आत्ता बाहेर आलं तर?"

"आत्ता आलं तर माझ्या हातात काही नाही," त्या म्हणाल्या. गोड करून सांगायची त्यांना सवयच नव्हती, आणि त्या वेळी मला तेच बरं वाटलं. "आज संध्याकाळी पिशवीच्या तोंडाला टाका घालू. टिकला तर टिकला. सोबत कोण आलंय?"

"कुणी नाही."

ह्यांना फोन लावला. पलीकडं बँड वाजत होता. "काय? काय म्हणतेस?" असं तीनदा झालं. मी फोन ठेवला आणि लिहून पाठवलं. मग त्या टेबलावर एकटीच पडून राहिले, पोटावर हात ठेवून. त्याला म्हणत होते, थांब रे राजा, आत थांब, बाहेर कुणी रिकामं नाहीये. रडू येत होतं, पण रडलं की पोट हलतं, म्हणून तेही गिळत होते.

टाका पडला. हे पोचले तेव्हा मी कमरेखाली बधिर होते. डॉक्टरबाई त्यांना म्हणाल्या, जुन्या कापामुळंच हे झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण हिनं त्या दिवशी नाही म्हटलं नसतं, तर मी आज आत बघितलं नसतं. ह्यांनी मान खाली घातली. माझ्या गार पायांवर पांघरूण ओढत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई लग्नातल्याच साडीवर आल्या. त्यांच्या मागोमाग, पहिली एसटी पकडून, आई. मला बघून तिनं तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी खुर्ची तिच्याकडं सरकवली, पण ती बसायच्या आतच विचारलं, "विहीणबाई, आता तरी सांगा. कळा आल्या होत्या का न्हाई?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असेल, लेक सांभाळून घेईल. मी म्हणाले, "सांग."

"आल्या होत्या," आई म्हणाली. "तोंड पूर्ण उघडलं होतं. बाळ खाली येऊन अडकलं." मग ती पुढं म्हणाली, "दुपारीच डॉक्टर म्हणाले होते, लक्षण ठीक दिसत नाही, सिझर करून टाकू. मीच हात जोडले. म्हणलं, अजून थोडं बघा."

हे मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी समजत होते, माझंच अंग आडमुठं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी जे ओरडले ते हिच्या हात जोडण्यापायी, हे मी पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होते.

"का?" मी विचारलं.

आई माझ्याशी नाही, सासूबाईंशी बोलली. "तुमच्यापायी. सातव्या महिन्यात ओटी भरून पोरीला माझ्याबरोबर पाठवताना चारचौघींत तुम्ही काय म्हणाला होता? आमच्या घरात आजवर एकीचंबी पोट फाडलेलं न्हाई, बघा बरं विहीणबाई. नांदेडपासून लातूरपर्यंत माझ्या डोक्यात तेच. डॉक्टर सिझर म्हणाले की मला तुम्ही दिसल्या. अन् शेवटी झालंच तेव्हा म्हणलं, मुहूर्ताचं सांगू. मुहूर्ताच्याला कोण नाव ठेवतंय?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "मी तं सहज बोलले होते," त्या म्हणाल्या. "असं बोलतेत की सगळे."

"तुमचं सहज बोलणं, हिचं हात जोडणं, अन् पोट माझं," मी म्हणाले. "दोघी बाहेर जा."

गेल्या दोघी. एक बाकाच्या या टोकाला बसली, एक त्या टोकाला, असं नंतर ह्यांनी सांगितलं. मला तेव्हा दोघींचाही राग आला होता, पण आईचा जास्त. सासू बोलायचीच, त्यासाठीच देवानं सासू केली आहे. पण आईनं माझ्या जिवापेक्षा विहिणीच्या तोंडाला भ्यावं? मला ते सहन झालं नाही.

आई लातूरला परत गेली नाही. लेकीच्या सासरी चहा घ्यायलाही अवघडणारी बाई, पण पिशवी कोपऱ्यात ठेवून स्वयंपाकघरात शिरली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, चोवीस तास आडवं पडायची गरज नाही, पण उभं राहून प्रॅक्टिकल घेणं बंद, प्रवास बंद, पोरीला कडेवर घेणं बंद. कॉलेजात रजा टाकली. पुढचं एकेक दिवसाचं काम होतं. त्या म्हणाल्या होत्या, आधी सातवा गाठ, मग आठव्याचं बघू. जेवढे दिवस आत, तेवढे त्याचे.

त्या दिवसांत मी संडासला जायला घाबरत होते. शिंक आली तर नाक दाबून धरायचे. पोट जरा टणक झालं की घड्याळ बघायचे आणि पुन्हा सैल होईपर्यंत श्वास धरून बसायचे. रोज सकाळी उठल्यावर आधी चादर बघायची, ओली नाही ना. मोठी एकदा माझ्या पोटाला कान लावून म्हणाली, "टाका तुटला तर बाळ खाली पडंल?" मी तिच्यावर ओरडले. मग तिला जवळ घेऊन बसले आणि ती झोपल्यावर मनसोक्त रडले.

स्वयंपाकघरात दोन आज्या. एकीच्या आमटीत गूळ, दुसरीची आमटी जाळ. भांडत नव्हत्या, त्यानंच जास्त भीती वाटायची. दोघी एकमेकींना अहोजाहो करत तव्यावर भाकऱ्या टाकायच्या. आई ताट आणायची, मी जेवायचे, ताट बाजूला सरकवायचे. हो, नाही, पाणी दे. त्याच्यापलीकडं मी तिच्याशी बोलले नाही. ती ताट उचलताना थोडी रेंगाळायची. तिला काही म्हणायचं असायचं ते मला कळत होतं, आणि मी भिंतीकडं तोंड करायचे.

सातवा निघाला. आठवा लागून थोडेच दिवस झाले होते. दुपारी मी पलंगावर बसून वाटाणे सोलत होते आणि उठायला पाय खाली सोडले, तो गरम पाणी वाहिलं. मी "आई" म्हणाले. दोघी एकदमच आल्या. सासूबाई अनवाणी रस्त्यावर धावल्या आणि भर रस्त्यात एका ऑटोला आडव्या उभ्या राहिल्या. आतली सवारी त्यांनी हाताला धरून उतरवली म्हणे. ऑटोत आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. मी तिचा हात इतका आवळला होता की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या.

डॉक्टरबाई दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होत्या. दारात एका तरुण डॉक्टरनं स्ट्रेचर थांबवला आणि विचारलं, "आधीचं बाळंतपण?" व्हरांडा माणसांनी भरलेला. मला कळ आली होती, बोलता येत नव्हतं.

"सिझर," आई म्हणाली. "कळा येऊन, तोंड पूर्ण उघडल्यावर झालंय. जोर करून घेतला होता. डॉक्टर दुपारीच म्हणाले होते, मी थांबवून ठेवलं. ह्या खेपेला तोंडाला टाका घातलाय, सहावा लागताना." तो लिहीत होता. त्याचं लिहून झालं नाहीसं वाटून तिनं सगळं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "तसंच झालं होतं."

बाळाच्या फुप्फुसांसाठीचं इंजेक्शन दिलं, शक्य तितकं थांबवलं, मग टाका कापून सिझर झालं. मुलगी. दुसरीही मुलगी, असं त्या दिवशी कुणाच्याही तोंडून निघालं नाही. नर्सबाईनं मला तिचा चेहरा लांबून दाखवला आणि काचेच्या पेटीत ठेवायला घेऊन गेली. रडली होती की नाही ते मला आठवत नाही, आणि कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

मला ताप भरला. टाक्यांत पू झाला होता, सलाईन चालू, उठून बसलं तरी डोळ्यांपुढं अंधारी. दोन दिवस पेटीत नीट राहिल्यावर बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीशी तासन् तास धरायचं होतं. त्यानं असली लेकरं जीव धरतात, वजन घेतात. बाळाची आई आजारी असेल तर घरातली दुसरी बाई चालेल, असं नर्सबाई म्हणाली. मान सासूबाईंचा होता, मुलाची आई म्हणून.

"विहीणबाई, तुम्ही जा," सासूबाई म्हणाल्या.

"नको," आई म्हणाली. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "माझे हात नकोत. एकदा मध्ये पडले तेवढं बास झालं."

"जा म्हणते न," सासूबाईंनी तिला खांद्याला धरून दाराकडं ढकललं. "माझं काळीज न्हाई तेवढं. मी पाडीन तिला."

ह्यांनी मला चाकाच्या खुर्चीत बसवून काचेच्या खिडकीपाशी नेलं. आत आई हिरव्या गाऊनमध्ये, मागं रेललेली, आणि गाऊनच्या आत माझी लेक. नुसती टोपी दिसत होती, लिंबाएवढी. त्यांच्या डोक्यावर छोटा पडदा, त्यावर लेकीच्या ऑक्सिजनचे आकडे. मी त्या आकड्यांकडंच बघत होते. काचेपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं.

आकडा उतरायला लागला. नव्वदीतला ऐंशीत आला, आणखी खाली गेला, आणि पडदा लाल झाला. मी खिडकीवर हात मारला. खोलीच्या दुसऱ्या टोकाची नर्सबाई वळली, आईला काहीतरी म्हणाली आणि भराभर चालत यायला लागली. ती पोचायच्या आत आईनं गाऊनमध्ये हात घातला. तिचा खांदा हलत होता, घासणी फिरवताना हलतो तसा. माझ्या खांद्यावर मागं उभ्या सासूबाईंची बोटं रुतली होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. टोपी हलली. आकडा चढायला लागला. नर्सबाई पोचली, वाकून बघितलं, मान डोलावली आणि परत गेली. आईनं वर बघितलं नाही. तिचा हात आतच होता.

ती बाहेर आली तेव्हा तिचा गाऊन घामानं भिजला होता. ती माझ्या खुर्चीपाशी खाली बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "श्वास घ्यायला विसरली होती गं. लहान आहे ना, विसरतात म्हणे. तळपाय चोळला, आठवण करून दिली."

मग तिला रडू फुटलं. चार वर्षांचं तुंबलेलं असावं. सासूबाई पाणी आणायला गेल्या.

"उद्याही तूच जा," मी म्हणाले.

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"परवाही," मी म्हणाले. "ती घरी येईपर्यंत तूच जा."

ती गेली. लेक घरी आली त्या दिवशीपर्यंत रोज गेली.